स्वागतोत्सुक

पंचवटीत माझं फ्लेक्स छापण्याचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, दहावीचा निकाल, स्वागत आणि श्रद्धांजली, या कामांवर आमचं घर चालतं. गिऱ्हाईक कुणीही असो, मागणी ठरलेली असते. चेहरा उजळ पाहिजे आणि शेजारच्यापेक्षा लहान नको. बाकी मजकूर मीच लिहितो. गेल्या वर्षी मी एक फ्लेक्स केला, त्यात खालच्या ओळीत अकरा चेहरे होते. त्यातला एक तिथे असायला नको होता. तो मी लावला. याबद्दल लिहायचं बरेच महिने मनात आहे, पण दर वेळी पहिल्याच परिच्छेदात मी स्वतःला जरा बरा माणूस करून ठेवतो आणि मग पुढे लिहवत नाही. म्हणून या वेळी आधीच सांगून टाकलं.

आम्ही अकरा जण इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबाचे चाहते. नाशिकमधल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी त्या क्लबाच्या नादी का लागावं, याला धड उत्तर नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा आमच्या आळीतला केबलवाला शनिवारी संध्याकाळी जे लागेल ते चॅनेल लावून चहाला निघून जायचा. एकदा त्या क्लबाची मॅच लागली. ते हरले, पण शेवटच्या मिनिटापर्यंत जिंकत असल्यासारखे पळत होते. पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा बसलो, आणि मग बसतच राहिलो. त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत एकही मोठा कप जिंकलेला नाही. दर वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले जाता जाता वाचायचे आणि आम्ही त्या वाचण्याचे पेढे वाटायचो. घरचे हसायचे. हसू द्यायचो.

आमच्यातल्या एकाला सगळे कीपर म्हणतात, कारण कॉलेजच्या टीममध्ये तो गोलमध्ये उभा राहायचा. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं, दुकान माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच्या आईला मी काकू म्हणतो. काकू मूळच्या सायखेड्याकडच्या, शाळेत कधी गेल्या नाहीत, पण माणूस एकदा पाहिला की विसरत नाहीत. कीपरला एक मोठा भाऊ होता. तोही शनिवारी आमच्यात बसायचा. पुढे तो आखातात एसीच्या कामाला गेला आणि एका उन्हाळ्यात, भर दुपारी, इमारतीच्या गच्चीवर कोसळला. हृदयविकार, असं कंपनीने कळवलं. पुष्कळ आठवडे वाट पाहिल्यावर तो आला. मुंबईच्या विमानतळावर, जिथे माल उतरतो त्या गोदामात, लाकडी पेटी ताब्यात घ्यायला कीपरबरोबर मी गेलो होतो. पेटीवर त्या देशाचा शिक्का होता. कीपरने सही केली. मी पेटीच्या कडेला हात लावून उभा राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. आमच्या चौकात एक लोखंडी फ्रेम आहे, तिच्यावर तो दहाव्यापर्यंत होता.

गेल्या वर्षी अशी बातमी पसरली, की आमचा क्लब विकायला काढलाय आणि आखातातल्या एका राजघराण्यातला माणूस तो घेणार आहे. बातमी कसली, अफवाच. सकाळी मोबाइलवर यायचं की सह्या झाल्या, दुपारी यायचं की अजून बोलणीच नाहीत, संध्याकाळी शेखच्या विमानाचा फोटो. आमच्या ग्रुपवर दिवसभर मेसेज पडत होते. देश तोच होता, पेटीवर शिक्का होता तो.

त्या शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे भाऊंच्या माडीवर जमलो. भाऊंचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे, वर एक रिकामी खोली आणि मोठा टीव्ही. महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांच्या मनात बरीच वर्षं आहे. मधे भेळभत्त्याची परात होती.

"आता बघा," भाऊ म्हणाले, "ब्राझीलचा तो पोरगा आपला, फ्रान्सचा पण आपला. शेखनं नुसतं बोट दाखवायचं."

"बोट दाखवून काम होत असतं तर तू कधीच नगरसेवक झाला असतास," मास्तर म्हणाले. मास्तर शाळेत पीटी शिकवायचे, आमच्यात सगळ्यात मोठे.

"मास्तर, तुम्ही जन्मभर सतरावा नंबर बघितलाय. तुम्हाला पहिल्या नंबरची ॲलर्जी आहे."

सगळे हसले. कीपर भत्त्यातले शेंगदाणे वेचत होता. तो खालमानेने म्हणाला, "दुसरं कुणी मिळत नाही का घ्यायला?"

"कोण पाहिजे तुला? आळीतला दूधवाला?"

"तसं नाही. हाच कशाला?"

"अरे, जमिनीखाली तेल आहे त्याच्या! तुझ्या वाइंडिंगच्या तारेला हात लावतोय का तो?"

पुन्हा हसणं. कीपरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या भावाचं सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या लेखी आखात म्हणजे एकच मोठं गाव. देश कुठला, हे कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं. मी त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला आणि मी टीव्हीकडे बघितलं.

घरी जाताना तो माझ्याबरोबर चालत होता.

"तो घेणार असेल तर मी येणं बंद करेन," तो म्हणाला.

"अजून काही ठरलेलं नाही."

"आईला कळता कामा नये, एवढंच. शनिवारी मी निघालो की ती अजून हसते. म्हणते, जा, हरून या. दादा होता तेव्हाही असंच म्हणायची. तेवढं एक राहिलंय घरात. ते तिच्याकडून जायला नको."

"काकूंना कोण सांगणार आहे?"

"तू बघ. तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस."

"नाही जाऊ देत," मी म्हणालो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी भाऊ माझ्या दुकानात आले. खुर्ची ओढून कॉम्प्युटरजवळ बसले.

"स्वागताचा फ्लेक्स करायचा. चौकातल्या फ्रेमच्या मापाचा."

"कुणाच्या स्वागताचा?"

"शेखच्या!"

"पण भाऊ, त्याने अजून घेतलाय कुठे?"

"म्हणूनच तर. घेतल्यावर कुणीही लावेल. जगातला पहिला फ्लेक्स नाशिकचा पाहिजे. फोटो टाकायचा, इंग्लंडमधले लोक बघतील, क्लबवाले बघतील, फिरत फिरत शेखच्या मोबाइलवर जाईल."

"शेखला मराठी कुठे वाचता येतंय?"

"चेहरे दिसतात ना? मधे शेख, डावीकडे क्लबचं चिन्ह, उजवीकडे मी. मी शेखपेक्षा जरा लहान चालेल." मग थोडा विचार करून म्हणाले, "अगदी जरासाच हां. आणि खाली 'स्वागतोत्सुक' लिहून आपण सगळे, मी तिथे पण. अकरा पाहिजेत. टीम दिसली पाहिजे."

"कीपरला विचारतो मग."

"त्यात काय विचारायचं? गणपतीच्या फ्लेक्सला कधी विचारलंस?"

ते खरं होतं. आमच्याकडे कुणी विचारत नाही. ज्याचा फोटो वगळला तो रागावतो. ज्याचा घेतला तो रागावल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं.

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरल्यावर मी डिझाइनला बसलो. दहा जणांचे फोटो तयार होते. कीपरचा सुटा फोटो मिळेना. दिवाळीत त्याच्या दारात मीच काढलेला एक होता, त्यात काकू शेजारी उभ्या होत्या. मी काकूंना कापून काढलं. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता. माणूस काढणं सोपं असतं, पण खांद्यावरची बोटं काढायची म्हणजे त्याखालचा शर्ट रेघ रेघ भरून काढावा लागतो. ते करताना माझा हात थांबला. मी उठलो, पाणी प्यायलो, दारात जाऊन उभा राहिलो. रस्त्यापलीकडे त्याच्या दुकानात दिवा होता. जाऊन विचारता आलं असतं.

मी परत येऊन बसलो. दहा चेहऱ्यांची ओळ लावून पाहिली. कडेला मोकळी जागा फार दिसत होती. पण त्या जागेमुळे मी त्याला लावला असं म्हटलं तर ते खोटं होईल. मलाही तो शेख हवा होता. इतकी वर्षं हरणाऱ्या माणसांकडे बघत बसल्यावर एकदा, एकदाच, जिंकताना बघायचं होतं. आणि त्या वेळी कीपर माझ्या शेजारी बसलेला हवा होता. फ्लेक्सवर तो आमच्यात दिसला, चार लोकांनी त्याला हाक मारून 'अभिनंदन' म्हटलं, की त्याचं म्हणणं आपोआप मिटेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. त्याचं दुःख मला अडचणीचं झालं होतं. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही. शर्ट भरून झाला, आणि मी फोटो ओळीत बसवला.

शुक्रवारी दिवस मावळायच्या सुमारास फ्लेक्स चौकात चढला. शेख मधे, पांढऱ्या पोशाखात, दोन्ही हात किंचित पसरलेले. त्याच्या हातांखाली आमची ओळ. मी खाली उभा राहून बघत होतो, तेवढ्यात कीपरचा फोन आला.

"मी विंचूरला अडकलोय. वाइनच्या कारखान्यातला मोठा पंप जळालाय, उद्या दुपारशिवाय सुटत नाही. सकाळी आईच्या डोळ्याची तपासणी आहे, नऊला. तू नेशील का?"

"नेतो की."

"मोतीबिंदूची पट्टी निघालीये. लांबचं दिसायला लागलंय तिला. काल देवळाचा कळस दिसला म्हणून रडली. तिला म्हणालो, डोळ्याला पाणी लावू नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

तो हसला. मी हसलो. मान वर केली तर तो फ्लेक्सवरही हसत होता.

डॉक्टरांकडे जायला चौकातूनच जावं लागतं. मी तसाच भाऊंच्या दुकानात गेलो आणि फ्लेक्स उतरवतो म्हणालो.

"येड लागलंय का? उद्या सकाळी दहाला पेपरवाला येतोय फोटो काढायला."

"मग निदान कीपरचा चेहरा झाकतो. पांढरा तुकडा चिकटवायचा, पाच मिनिटांचं काम."

"आणि अकरावा माणूस पांढरा ठिपका? लोक विचारतील, हा कोण वारला."

"भाऊ, त्याला आवडणार नाही. त्याचा भाऊ त्याच देशात..."

भाऊंनी हातातला उदबत्तीचा पुडा खाली ठेवला. "त्याच?"

"हो."

"अरेरे," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. मग म्हणाले, "पण शेखनं काय ढकललं का त्याला? दहाला फोटो होऊ दे. मग उतरव, जाळ, काय करायचं ते कर. कीपर दुपारीच येतोय ना? त्याला कळणारसुद्धा नाही."

मी भांडायला हवं होतं. मी मनातल्या मनात रस्ते जुळवत बसलो. जाताना नदीच्या बाजूने जायचं, तपासणीला वेळ लागतोच, तोवर दहा वाजून जातील, काकूंना दवाखान्यात बसवून आपण येऊन फ्लेक्स उतरवायचा. आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली होती, ती लिहायलाही जड जातं. मला वाटलं, नवीन डोळा आहे, इतकं काही दिसत नसेल.

सकाळी काकू तयारच होत्या. काळा चष्मा, डोक्यावर पदर, हातात औषधांची पिशवी. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि माझा खांदा धरला. मी चौकाकडे न वळता नदीकडे वळलो.

"इकडून कशाला घातली?"

"चौकात गर्दी असते काकू."

"शनवारची गर्दी तर घाटावरच असती. लय येडा हायेस."

मी स्कूटरचा वेग वाढवला. पुढे यात्रेच्या बसगाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. हवालदाराने लांबूनच हात केला, मागे फिरा. मी म्हटलं, साहेब, डोळ्याचं पेशंट आहे. तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय, इथे अर्धा तास जाईल, चौकातून जा. मागे गाड्या लागल्या होत्या. वळण्यावाचून इलाज नव्हता.

बोळ थेट चौकात उतरतो. भाजीचा एक टेम्पो आडवा लागला होता आणि हमाल जुड्या उतरवत होते. मला फ्रेमच्या बरोबर खाली थांबावं लागलं.

"काकू, डोळे मिटून घ्या," मी म्हटलं. "धूळ उडतेय."

त्यांनी मिटले असावेत. मी आरशात बघायचं धाडस केलं नाही. टेम्पोवाल्याला ओरडलो, "ओ दादा, घ्या की जरा पुढे!" तो म्हणाला, "तुमच्या डोक्यावरून घेऊ का?" एक जुडी खाली पडली, हमालांनी एकमेकांना शिव्या दिल्या. आणि माझ्या खांद्यावरची बोटं आवळली.

"ह्यो माझा ना?"

मी हॉर्न दाबला.

"माझाच हाय. काय झालं त्याला?"

"काही नाही काकू, ते आपलं..."

"काय झालं त्याला? खरं सांग मला. इंचूरला काय झालं?"

मला उमगायला थोडा वेळ लागला. मी रात्रभर धास्ती घेतली होती ती शेखची, त्या पोशाखावरून काकू मुलूख ओळखतील याची. शेखकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी ती फ्रेम म्हणजे थोरल्याची फ्रेम होती. आता तिच्यावर धाकटा होता. तो घरी आला नव्हता. त्याच्याऐवजी मी आलो होतो, उलट्या रस्त्याने नेत होतो, धड बोलत नव्हतो, डोळे मिटा म्हणत होतो. सकाळपासून मी जे जे केलं होतं, ते सगळं वाईट बातमी लपवणाऱ्या माणसासारखं होतं.

"तो बरा आहे काकू. देवाशप्पथ बरा आहे. हे मॅचचं आहे, स्वागताचं."

"थोरल्याच्या टायमाला बी तू असंच म्हनला व्हतास. बरा हाय, दवाखान्यात हाय."

म्हणालो होतो. विसरलो होतो मी ते.

त्या स्कूटरवरून उतरल्या आणि तिथेच, भाजीच्या पोत्याला टेकून, खाली बसल्या. रडत नव्हत्या. तोंड उघडं होतं आणि श्वास वरवर लागला होता. एका भाजीवालीने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी कीपरला फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला. कारखान्यात मशीनच्या आवाजात त्याला ऐकू जात नसणार, हे मला कळत होतं, पण काकू माझ्या कानाला लागलेल्या फोनकडे बघत होत्या आणि प्रत्येक रिंगला त्यांचा चेहरा बदलत होता. मी पुन्हा लावला. या वेळी त्याने उचलला. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"आई? काय गं? पोचलीस का?"

काकूंनी दोन्ही हातांनी फोन धरला. "काय नाय," त्या म्हणाल्या. "च्या घेतला का?"

"घेतला."

"बोल अजून."

"काय बोलू?"

"काय बी बोल."

तो पंपाचं सांगायला लागला. आवाज माझ्यापर्यंत येत होता. तार कशी काळी पडली होती, कारखान्यातल्या माणसाने कसं रात्री पिठलं-भाकरी दिली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचा श्वास हळूहळू खाली उतरला. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

"काय झालं रे?" त्याने विचारलं.

"चौकात फ्लेक्स लागलाय. शेखच्या स्वागताचा. त्यात तुझा फोटो आहे. काकूंना वाटलं की..." मी वर फ्रेमकडे बघितलं. "चुकून लागला."

मागचा मशीनचा आवाज लांब गेला. मग तो म्हणाला, "कुठला फोटो?"

"दिवाळीचा."

"त्यात आई आहे."

"हो."

त्याने फोन ठेवला.

काकू आता वर बघत होत्या. "मधला कोन?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कोण, कुठला, क्लब म्हणजे काय, आम्ही कशाला नाचत होतो, सगळं. या वेळी काही झाकलं नाही.

"थोरला व्हता त्याच मुलखाचा?"

"हो."

"राजा हाय का?"

"राजाच्या घरचा."

त्यांनी काळा चष्मा काढला आणि पदराने कड पुसून पुन्हा लावला. "दिसाया बरा हाय," त्या म्हणाल्या. "ह्याला आपला थोरला ठावं बी नसंल." मग गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. "चल. डाक्टर वाट बघत आसंल."

"एकच मिनिट, काकू."

मी टेम्पोच्या टपावर चढलो. खिशात कटर होता, तो धंद्यामुळे नेहमीच असतो. एका बाजूच्या दोऱ्या कापल्या तेवढ्यात भाऊ आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर वेळेआधीच आलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला पेपरवाला.

"ए! ए! काय चाललंय? दोन मिनिटं थांब की!"

"नाही थांबत."

"अरे, फक्त एक फोटो! माझा चेहरा आहे त्याच्यावर!"

"माझा पण आहे," मी म्हणालो, आणि दुसरी बाजू कापली. फ्लेक्स घसरत भाजीवर पडला. टेम्पोवाला ओरडला, "कोथिंबीर मोडली सगळी!" भाऊ पुढे आले आणि त्यांना काकू दिसल्या.

"काकू? तुम्ही इथे?"

"फोटू झ्याक आलाय रे तुझा," काकू म्हणाल्या. "मला वाटलं तू बी गेला का काय."

भाऊ भाजीवर पडलेल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघू लागले. कॅमेरावाला कुणाचा फोटो काढायचा ते न कळून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

दवाखान्यात डोळा ठीक निघाला. परत आणताना काकूंनी माझा खांदा धरला नाही, मागची कडी धरली.

कीपर दुपारी आला. घरी जाऊन आला आणि दुकान उघडलं. मी गेलो तेव्हा तो एका छोट्या मोटारीत तार भरत होता. गुंडाळलेला फ्लेक्स मी माझ्या दुकानाबाहेर टाकून ठेवला होता. आता तो त्याच्या दुकानात, भिंतीला टेकवलेला होता.

"काकू?" मी विचारलं.

"झोपलीये."

मी उभाच राहिलो. "फोनवर मी चुकून म्हणालो. चुकून नव्हतं. मला सगळं आठवत होतं. तरी लावला."

"माहितेय," तो म्हणाला. तारेवरची नजर त्याने काढली नाही. "माझ्या खांद्यावरून तिचा हात पुसलायस तू. ते चुकून होत नाही."

तारेचा आणखी एक वेढा देऊन त्याने विचारलं, "का रे?"

"जिंकायचं होतं," मी म्हणालो. याहून बरं उत्तर मी नंतर पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

"पेटी उचलायला तू होतास," तो म्हणाला. "म्हणून तुलाच सांगितलं होतं. बाकी कुणाला सांगितलंच नव्हतं." त्याने तारेचं टोक कापलं. "जा आता. मॅच सुरू होईल."

"मी नाही जात."

"जा ना. माझ्यासाठी थांबू नको. माझ्यासाठी आता काहीच करू नको."

काही आठवड्यांनी ती अफवा विरून गेली. बोलणी फिसकटली असं कुणी म्हणालं, मुळात नव्हतीच असं दुसरं कुणी म्हणालं. क्लब होता त्याच मालकाकडे राहिला आणि नेहमीसारखा खाली जाता जाता वाचला. पेढे भाऊंनी आणले. माडीवर आम्ही दहा जण असतो. कीपर का येत नाही हे मास्तरांनी मला एकदा विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आम्हाला आधी का नाही बोललास?" मी म्हणालो, कॉर्नर मिळाला होता. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय, आणि ते रागावले.

मागच्या महिन्यात माझ्या छपाईच्या मशीनच्या पंख्याची मोटार जळाली. नाशिकमध्ये रिवाइंडिंगवाले खूप आहेत. मी ती कीपरकडेच नेली. त्याने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, उद्या ये. दुसऱ्या दिवशी तयार होती. त्याने वायर लावून चालू केली. "आवाज ऐक," म्हणाला. मी वाकून ऐकला. एकसारखा येत होता. त्याने बटण बंद केलं, मोटार जुन्या वर्तमानपत्रात बांधून माझ्यासमोर ठेवली. मी ती उचलली आणि तसाच उभा राहिलो, वाटलं आता तो काही बोलेल, किंवा मला काही सुचेल. त्याने शेल्फवरून दुसरी मोटार काढली, मांडीवर घेतली आणि तिचे स्क्रू खोलू लागला.